सूचक कोण?

टाळ्या सुरू झाल्या की साळवे बाई मागे वळून बसायच्या. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो की कुणा पुढाऱ्याचा सत्कार, स्टेजवर हारतुरे चाललेले असायचे आणि पहिल्या रांगेतल्या या ठेंगण्या बाई खुर्ची फिरवून लोकांच्या तोंडांकडे बघत असायच्या. प्राचार्यांना ते अजिबात आवडायचं नाही. एकदा त्यांनी विचारलंच, तर बाई म्हणाल्या, "स्टेजवरचं उद्या पेपरात येईल सर. हिकडचं कुणी छापत न्हाई."

शिरूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. मूळच्या दौंडच्या, वडील रेल्वेत गँगमन. तासाची सुरुवात पुस्तकी भाषेत व्हायची आणि रंगात आल्या की दौंडच्या वस्तीवरची बोली तोंडात यायची. मी कवठे येमाईहून एसटीने यायचे. राज्यशास्त्र घेतलं ते गणित टाळायला, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

फॅसिझमचा धडा आला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, दोन मार्काला काय लिहायचं तेवढं सांगा." दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या काखेत तुरकाठ्यांची मोळी घेऊन. मोळीच्या मधोमध एक कुऱ्हाड खोचलेली. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, मोळीचं आम्हाला काय कौतुक? सगळा वर्ग हसला. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ही कशाची गोष्ट?" आम्ही एका सुरात ओरडलो, "एकीचं बळ."

"बराबर. इटलीतल्या माणसांना पण असंच वाटलं हुतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की फॅसिझम हा शब्दच या मोळीवरून आला. जुन्या रोमच्या राज्यात कुऱ्हाडीभोवती बांधलेल्या काठ्या हे सत्तेचं चिन्ह होतं. "मोळी बघणारा काठ्यांचं कौतुक करतो, कुऱ्हाडीकडं त्याचं ध्यान नसतं. आन् दोर कुणी आवळलाय, हे काठीला कवाच विचारता येत न्हाई."

मग फळ्याकडे पाठ करून त्या बोलत राहिल्या. "पहिल्यांदा सांगायचं, पूर्वी आपलं लई चांगलं चाललं हुतं. मग सांगायचं, ते कुणीतरी नासवलं. नासवणारा लांबचा नसतो, शेजारीच ऱ्हातो. मग एक माणूस पुढं येतो, म्हणतो, सगळं माझ्यावर सोडा. त्याच्यावर शंका घेतली की देशावर शंका घेतली. हात उगारणारा मर्द ठरतो, इचार करणारा भित्रा ठरतो." पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मग हुकूमशाही आन् ह्याच्यात फरक काय, बाई?" बाईंनी मोळीवर हात ठेवला. "साध्या हुकूमशहाला तू गप बसलास तरी चालतं. ह्याला न्हाई चालत. ह्याला तुझा आवाज पायजे, सगळ्यांच्या आवाजात मिसळलेला."

आम्ही ते उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. मला पुढे दौंडला नोकरी लागली. बाई निवृत्त झाल्या आणि शिरूरच्या कडेला एका कॉलनीत स्वतःच्या घरात राहायला गेल्या. मुलगा दौंडला, त्या इथे एकट्या. "प्लॉट घेताना आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आन् मग तोंड वाकडं करून प्लॉट दिला," असं त्या हसत सांगायच्या. सुट्टीला मी कधीमधी त्यांच्याकडे मुक्कामाला जायचे. त्या माझ्यासाठी शेंगोळे करायच्या आणि मी लग्न का करत नाही, या विषयावर राज्यशास्त्रापेक्षा जास्त बोलायच्या.

अशीच एकदा शनिवारी दिवेलागणीला पोचले. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरातून स्पीकरवर एक गौरवगीत ऐकू येत होतं. दुसऱ्या घरापाशी आले, तिथेही तेच. तिसऱ्या घरातही तेच, त्याच ओळीवर. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला होता म्हणे, रोज सात वाजता सगळ्यांनी एकदमच लावायचं. मी चालत होते आणि गाण्यातला एक शब्दही चुकत नव्हता. अंगणात कुणी नाही, ओट्यावर कुणी नाही, फक्त प्रत्येक दारातून तो एकच आवाज. बाईंच्या घराजवळ आले तेव्हा गाण्याला भोक पडलं. एक बाईंचं घर गप्प होतं आणि एक समोरच्या घराच्या माडीवरची खोली.

त्या खोलीत यासीन आणि शबाना भाड्याने राहायचे. यासीन रांजणगावच्या एमआयडीसीत वेल्डर, मुलगी जवळच्या शाळेत पहिलीत. घरमालक पुण्याला असायचे. यासीनचं घराणं कित्येक पिढ्या शेजारच्याच दौंड तालुक्यातलं, तरी कॉलनीत त्यांना 'बाहेरचे' म्हणायचे. शबाना मुलीला अभ्यासाला बाईंकडे पाठवायची आणि स्वतःही दारात टेकून ऐकत बसायची. "मला परत शाळेत बसल्यागत वाटतं," असं एकदा मला म्हणाली होती.

त्या मुक्कामात बाईंनी मला एक गंमत दाखवली. गंमत हा त्यांचाच शब्द. सकाळी दूधवाला दूध घालता घालता म्हणाला, "आमचं काय न्हाई बाई, पण वातावरण ठीक न्हाई." किराणावाल्याने साखर बांधता बांधता तेच सांगितलं. कॉलनीचे अध्यक्ष पवार आप्पा फाटकाशी थांबले आणि तेच म्हणाले. 'बाई'नंतर तिघेही सारखेच थांबले, तिघांनीही सारखाच सुस्कारा सोडला. आप्पा गेल्यावर बाई म्हणाल्या, "हे वाक्य ह्यांनी कुठनं आणलं, इचारून बघ. एकालाबी सांगता येणार न्हाई."

पुढच्या खेपेला गेले तेव्हा आम्ही दोघी संध्याकाळी फाटकाशी उभ्या होतो. सात वाजले, गाणं सुरू झालं. बाईंनी एकदम माझं मनगट धरलं. समोरच्या माडीवरूनही तेच गाणं येत होतं. शबानाने मोबाइल खिडकीत ठेवला होता आणि त्याचा बारीक, चिरका आवाज गल्लीच्या आवाजाला जाऊन मिळत होता. सकाळी बाईंनी तिला विचारलं, "तू का लावलंस गं?" शबाना खाली बघत म्हणाली, "गाणं चांगलंय की, बाई." मग जरा वेळाने म्हणाली, "न्हाई लावलं की आमच्या दारात लईच शांत वाटतं."

गाणं लावूनही उपयोग झाला नाही. महिनाभरात कॉलनीची बैठक बोलावली, रविवारी सकाळी, मांडवात. मी मुक्कामाला होते म्हणून बाईंबरोबर गेले. आप्पांनी ठराव वाचला. भाडेकरू ठेवताना कॉलनीची परवानगी घ्यावी आणि समोरच्या माडीवरच्या कुटुंबाला खोली रिकामी करायला मालकांना कळवावं. वाचून झाल्यावर, आपल्याकडे सगळ्या सभांत म्हणतात तसं आप्पा म्हणाले, "सर्वानुमते मंजूर." टाळ्या झाल्या. यासीन शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता. त्यानेही दोन टाळ्या वाजवल्या.

बाई उठल्या. "आप्पा, सूचक कोण?"

"म्हंजी?"

"ठराव मांडला कुणी? सूचकाचं नाव लागतं, अनुमोदकाचं लागतं. साध्या भजनी मंडळाच्या ठरावाला पण लागतं."

आप्पा म्हणाले, "सगळ्यांचंच म्हणणं हाय, बाई."

"मग सगळ्यांतल्या एकानं उठावं. नाव सांगावं, आन् यासीनकडं बघून ठराव परत वाचावा. मी बसते."

त्या खरोखरच बसल्या. मांडवात इतके लोक, पण पंख्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता आणि दुसरा तिसऱ्याकडे. इतका वेळ जो ठराव सगळ्यांचा होता, तो कुणाचाच निघेना. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. शेवटी आप्पांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चहा घ्या सगळ्यांनी."

मी बाईंना म्हटलं, "जिंकलात." बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि चहा न घेताच घराकडे निघाल्या.

त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळी कॉलनी यासीन-शबानाशी गोड बोलायला लागली. ज्याला त्याला विचारा, तो म्हणायचा, "ठराव? छे, आमच्या मनात तसलं कवाच नव्हतं." आणि तो खोटं बोलतोय असं वाटायचंही नाही. शबाना बाईंना म्हणाली, "आधी कोण हसायचं न्हाई, तवा मला झोप लागायची. आता सगळी हसत्यात. कुणाचं खरं हाय ते कळत न्हाई बाई, आम्ही जातो." बाईंनी तिला परोपरीने समजावलं. तिने ऐकलं नाही. सणसवाडीला एक खोली बघितली आणि टेम्पो बोलावला.

टेम्पो आला तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. कुणी चिवडा आणला, कुणी शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली. आप्पांनी मुलीला कडेवर घेऊन बिस्किटाचा पुडा दिला. "परत या हं," म्हणत बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "खरंच रडत्यात गं ह्या. ह्यातली एक जरी नाटक करत असती ना, तरी मला बरं वाटलं असतं." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

पुढच्याच वर्षी बाईंची तब्येत ढासळली. मुलाने त्यांना दौंडला नेलं. मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचे. बोलणं कमी झालं होतं, तरी कवठ्याला पाऊस झाला का, हे न चुकता विचारायच्या. थंडीत त्या गेल्या. आई गेल्यावर वाटावं तितकंच पोरकं मला वाटलं, त्याला काही इलाज नाही.

सगळं आटोपल्यावर मी शबानाला फोन केला. बाई गेल्याचं सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "आमच्या त्या जुन्या खोलीत आता बिहारचं एक जोडपं ऱ्हातंय. मागं दौंडला जायच्या आधी बाईंनीच फोनवर सांगितलं हुतं. बाई म्हणाल्या, ती पोरगी भ्यायलीय, पण मी तिला सांगितलंय, भिऊ नको, मी समोर हाय."

"हो," मी म्हटलं.

शबानाने विचारलं, "मग ताई, आता समोर कोण हाय?"