खंडेनवमीच्या रंगावरचा सेन्सर

जाड रंगावर सेन्सर चिकटवून मी कॉम्प्रेसरचं बेअरिंग ठणठणीत असल्याचा रिपोर्ट दिला. तोही व्हायब्रेशन तपासण्याच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर.

बेळगावातली फाउंड्री. खंडेनवमीला तिथं सगळ्या मशिनी रंगवून पुजतात. मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो, तर कॉम्प्रेसर निळाशार, वर झेंडूचा हार. शेजारी जुने ऑपरेटर मारुतीआप्पा. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवून मूठ कानाला लावलेली.

"सायेब, आत कायतर खरखरतंय बघा."

बेअरिंग बिघडायला लागलं की आधी फार बारीक, वेगवान थरथर सुटते. जाड रंगात ती मुरते. म्हणून रंग खरवडून, लोहचुंबकाचा सेन्सर उघड्या लोखंडावर बसवायचा. हे मी इतरांना शिकवतो.

खरवडणी काढली, तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "अहो, परवाच पूजा झालीय. ओरखडा नको." आणि पेढा पुढं केला. खरवडणी खिशात गेली, पेढा तोंडात.

स्क्रीनवर सगळं शांत.

"आप्पा, बेअरिंग झकास आहे. कान दाखवून घ्या एकदा."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी. आप्पा नाही. वर रिपोर्टात 'ऑपरेटरची तक्रार निराधार' हेही टाकलं. गरज नव्हती, जरा भारदस्त वाटलं. त्या एका ओळीवर आप्पांना कॉम्प्रेसरवरून काढलं आणि गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं.

पंधरवड्यात बेअरिंग फुटलं. कॉम्प्रेसरची हवा बंद, त्यावर चालणारं साच्यांचं मोल्डिंग बंद. मी गेलो तेव्हा गेटवर आप्पांनीच माझ्या गाडीचा नंबर लिहून घेतला. मान वर न करता.

आत मॅनेजरांनी विचारलं, "तुमचा सेन्सर बिघडलाय काय?"

'हो' म्हणायचा मोह झाला.

"नाही. रंग मी खरवडला नव्हता. आप्पांचा कान बरोबर होता." तसं लिहूनही दिलं.

आप्पा परत कॉम्प्रेसरवर आले. नवं बेअरिंग बसल्यावर मी त्यांच्यासमोर लोखंड चकाकेपर्यंत रंग खरवडला. शिकलो ते एवढंच, की हातातलं काम संपल्याशिवाय पेढा घेऊ नये.

"आता जमलं न्हवं, आप्पा?"

आप्पांनी तरीही स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. मग म्हणाले,

"यंत्र तुमचं लई ब्येस हाय, सायेब. धरणारा तेवढा बदला."