कार्ड नसलं तर नसलं

रोह्याकडच्या खांब गावाच्या बाजूच्या आमच्या गावात इंजिनिअर झालेली मी पहिली. हे मी लाजत-बिजत सांगत नाही. घरी भात आणि वालाची शेती. शिवाय बाबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून कामाला जातात. मी पेणच्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. आम्ही अशाच कंपन्यांसाठी गॅस ओळखणाऱ्या पेट्या बनवतो. त्यातली एक नेमकी बाबांच्या शेडमध्ये लागली.

पेटीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू होताना आंधळा असतो. पेनड्राइव्ह खोचला की तो आपली ओळख आपण सांगतो. आमच्या गॅसच्या कार्डाला, म्हणजे गॅसचा सेन्सर ज्यावर बसतो त्या पट्टीला, तोंड नाही. ते कुठल्या तारेवर, कुठल्या पत्त्यावर बसलंय, हे कर्नलला आधी लिहून द्यावं लागतं. ते लिहिणं माझं काम. जे कार्ड असेल किंवा नसेल, चालू मशीनमधून काढलं-घातलं जाईल, त्याचं वर्णन वेगळ्या तुकड्यात ठेवायचं. कार्ड बसलं की तुकडा जोडायचा, काढलं की सोडवायचा. एकदा सोडवला की कर्नलच्या लेखी ते कार्ड कधी नव्हतंच. तो चौकशी करत नाही.

गॅसचं कार्ड मी तुकड्यात ठेवलं नाही. मूळ वर्णनातच घातलं. ते असलंच पाहिजे. नसेल तर लाल दिवा, भोंगा, आणि माल सोडणारा व्हॉल्व्ह बंद.

पावसाळ्यातल्या दमट हवेने सेन्सर बिघडला आणि उगाच वाजायला लागला. जुन्या पेटीत कार्ड काढलं की भोंगा गप्प व्हायचा, त्या सवयीने सुपरवायझरने कार्ड उपटलं. भोंगा काही थांबेना. नवा सेन्सर परदेशातून यायचा होता. शेड बंद पडली आणि ठेक्याच्या माणसांना ‘बोलावू तेव्हा या’ म्हणून घरी पाठवलं.

रविवारी दुपारी बाबा ओटीवर बसून होते. शेजारचे काका, तेही त्याच शेडमधले, अंगणातूनच ओरडले, “काय गो इंजिनिअर, तुझी पेटी रडायची थांबली का नाय?”

आई आतून म्हणाली, “शिकवली पोरीला, तिने बापालाच घरी बसवलंन.”

“एका ओळीचं काम हाय म्हनतेस ना?” बाबा म्हणाले. “मग बदल की. आमी काय तिथं आजच जायला लागलोय?”

“नाय बदलणार.”

“मग उद्यापासून तू जा शेडमध्ये. आमी बसतो पेट्या बनवत.”

काका हसले. बाबा हसले नाहीत.

सोमवारी आमच्या फर्मच्या मालकांनीही तेच सांगितलं. “मॅडम, कार्ड ऑप्शनल करा. नसलं तर नसलं. गिऱ्हाईक बोंबलतंय.”

“सर, मग कार्ड नसतानाही पेटी हिरवी दिसेल.”

“दिसू दे की.”

“माझ्या हाताने होणार नाही.”

“हात काय तुम्हालाच आहेत?”

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने चहा संपायच्या आत ते वर्णन मुळातून काढून तुकड्यात टाकलं. मी बाबांच्या कंपनीच्या सेफ्टीवाल्या साहेबांना फोन केला. “नवा सेन्सर येईपर्यंतच हो,” ते म्हणाले. मग मेलही केला. उत्तर नाही. मला पाण्याच्या पंपांच्या कामावर टाकलं.

बाबांना बोलावणं आलं. सकाळी मी त्यांना स्कूटीवरून हायवेला सोडलं.

“बाबा, त्या पेटीत कार्ड नाय. हिरवं दिसलं तरी खरं मानू नका.”

“म्हाईत हाय. वास आला की भायेर येऊ. नाक हाय ना.”

“त्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो जास्त झाला की नाकच मरतं, वास कळतच नाय. वास आला तर पळाच. पण येणारा वास एकदम थांबला, तरी पळा.”

बाबांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“वास थांबल्यावर कोन पळतो गो? तवाच तर आमी डबे उघडतो.”

कंपनीची बस आली. त्यांना खिडकीची जागा मिळाली.