अक्रोडाचा दस्ता

घरी आलेल्या माणसाला चहा विचारण्याआधी अप्पासाहेब कपाटातली एखादी बंदूक काढत आणि तिची नळी थेट त्याच्या कपाळावर रोखून चाप ओढत. पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला की म्हणत, "रिकामी आहे हो! आवाज ऐका, किती गोड आहे!" आणि मग बराच वेळ हसत राहत.

अप्पासाहेब माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, रत्नागिरीतले नामांकित वकील. मी तिथल्याच शाळेत मास्तर. त्यांनी आपली सारी मिळकत बंदुकांत घातली होती. इंग्लंडची दुनळी, जर्मनीची तीन नळ्यांची, ऑस्ट्रियाची नाजूक रायफल. एकेक बोटीने बंदरात उतरे. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून अक्का त्या रोज तेलाच्या फडक्याने पुसायची. ती तापाने फणफणली असतानाही त्यांनी तिला उठवलं होतं. "माणूस आजारी पडतं नि बरं होतं. नळीला गंज चढला की ती गेली," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

एका हिवाळ्यात नवी इंग्लिश दुनळी घेऊन ते हातखंब्यापलीकडच्या रानात रानकोंबड्यांच्या शिकारीला निघाले. मलाही नेलं. झुडपं बडवून पाखरं उठवायला सोनू होता, तिथल्याच वाडीतला तरणा गडी. समोरची करवंदीची जाळी हलली.

"अप्पासाहेब, तिकडे सोनू आहे!" मी ओरडलो.

"गप्प बसा, मास्तर," म्हणत त्यांनी बार काढला.

सोनू दोन्ही हात तोंडावर घेऊन किंचाळत धावत आला तो त्यांच्यावरच आदळला. बंदूक जांभ्या दगडावर पडली. मी सोनूला धरलं. बोटांतून रक्त गळत होतं. अप्पासाहेब खाली बसले होते, बंदुकीच्या अक्रोडी लाकडाच्या दस्त्यावरून अंगठा फिरवत.

"ओरखडा आला," ते म्हणाले.

"अहो, त्याचे डोळे गेले!"

"असले डोळे पैशाला पासरी मिळतात. असला अक्रोड पुन्हा मिळायचा नाही."

मोटारीच्या गाद्या खराब होतील म्हणून त्यांनी सोनूला आत घेतलं नाही. मी त्याला बैलगाडीतून इस्पितळात नेलं. एकही डोळा वाचला नाही. चौकशीत अप्पासाहेबांनी सांगितलं की गडी नेमून दिलेली जागा सोडून गेला. ते मान्य झालं. माझं कोणी ऐकलं नाही.

काही दिवसांनी सोनूची बायको भागी पोर कडेवर घेऊन मदत मागायला अप्पासाहेबांच्या दारात आली. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, दस्त्यावरचा ओरखडा तिच्या पुढ्यात धरला आणि शांतपणे विचारलं, "ह्याची भरपाई कोण करणार गं?"

अक्का माजघरात उभी होती. ती बाहेर आली, भागीचा हात धरून तिला घेऊन तडक माझ्या घरी आली. मागून आवाज आला, "कपाटाच्या किल्ल्या ठेवून जा." तिने कमरेच्या किल्ल्या पायरीवर टाकल्या. पुन्हा त्या घरी ती गेली नाही.

अप्पासाहेब त्यानंतर बरीच वर्षं जगले. बंदुका वाढत राहिल्या, गावात मानही वाढला. ते गेले तेव्हा कोर्टाला सुट्टी मिळाली. सांगायला मीच सोनूच्या वाडीत गेलो. तो खळ्यात काथ्या वळत बसला होता.

"कसे मेले?" त्याने विचारलं.

"झोपेत. सकाळी उठलेच नाहीत."

त्याचे हात थांबले.

"म्हंजे त्यांना कायच कळला नाय? दुखला पण नाय?"

"नाही."

सोनूने चेहरा माझ्याकडे वळवला, मग सुटलेला काथ्या चाचपून पुन्हा वळायला घेतला.