टॉवेलखालचा माणूस

सौदीतल्या राबिघमधले आमचे शेजारी, नर्सिंगचं काम करणारे मेश्राम ब्रदर, हॉस्पिटलात ड्युटीवर असतानाच हृदयविकाराने गेले. फोन आला तेव्हा खरं वाटेना. सकाळीच त्यांनी मला जिन्यात गाठून पाऊण तास गप्पांत अडकवलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

इतका बोलका माणूस, पण इमारतीमागे एसीच्या युनिटखाली राहणाऱ्या मांजरीच्या पोरक्या पिल्लांना रोज संध्याकाळी दूध ठेवताना डोक्यावरून निळा टॉवेल ओढून अगदी मुका होई. माझी मुलगी विचारायची, "पापा, अंकल भूत बने हैं क्या?" मी हिशेब तपासणारा माणूस, मेळ बसला नाही की चैन पडत नाही. एकदा विचारलंच, "मेश्राम, मांजरांना लाजता की काय?"

ते हसले, मग सांगू लागले. तरुणपणी ते चंद्रपूरकडे जंगलाकाठच्या एका विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, म्हणून राहिले होते. शेताच्या कुंपणातल्या विजेने एक वाघीण मेली. पुराने रस्ता बंद, म्हणून वनखात्याने तिची दोन पिल्लं पाणी ओसरेपर्यंत विहारातच सांभाळायला सांगितली. भंतेजींचा नियम कडक होता. अंगावरचं भगवं चीवर डोक्यावरून घ्यायचं, कुरवाळायचं नाही, बोलायचं नाही. माणसाची ओळख झाली नाही, तरच ती जंगलात परत जातील.

"आणि मी काय केलं? धाकटा रडायचा, म्हणून गुपचूप 'बाळा, बाळा' करायचो. तो माणसाच्या आवाजाकडे धावायला लागला... थोरली पुढे जंगलात गेली. त्याला जन्मभर पिंजरा."

"पण ही तर मांजरं," मी म्हणालो.

"अहो, इकामा, इथला राहायचा परवाना, संपला की आपण खलास, घरी! मागून येणारा दूध देईल की दगड मारेल, कुणास ठाऊक. आवाजाला भुलली तर मरतील."

मेश्राम गेले त्या संध्याकाळी मी नुसतीच वाटी घेऊन गेलो. पिल्लं पळाली. दुसऱ्या दिवशीही दूध तसंच राहिलं, आणि मला काळजी वाटू लागली. त्यांचं सगळं सामान मी गावी वहिनींकडे पाठवायला बांधून ठेवलं होतं, पण टॉवेल मागच्या दाराच्या खिळ्यालाच राहिला होता. तिसऱ्या दिवशी तो डोक्यावर घेतला. आत अंधार, आणि त्यांच्या बामाचा वास... बऱ्याच वेळाने वाटीशी चाटण्याचा आवाज आला.

मुलगी दारातून कुजबुजली, "पापा, उनको लगता है अंकल ही आए हैं..."

मी डोक्यावरचं कापड आणखी खाली ओढलं. टॉवेलखाली बोलायचं नसतं.