बुजवलेली काजं

आमच्या घरात बटण असलेलं फडकं तुम्हाला सापडणार नाही. कपडा विटला की आधी जाऊबाईंची कात्री, मग फरशी. एकदा तर माझ्या नवऱ्याचा चांगला धुतलेला शर्ट दोरीवरून काढून त्यांनी सोलून ठेवला. "मला वाटलं पोतेरं आहे," म्हणाल्या. नवरा गप्प बसला, कारण थोरली वहिनी. मी गप्प बसले नाही, कारण शर्ट मी घेतला होता.

या जाऊबाईंनी जन्मभर काजं-बटणं केली. कोपऱ्यावरचा शिंपी कपडे शिवायचा आणि काजं करायला, बटणं लावायला गठ्ठे आमच्याकडे यायचे. पुढे शिंपी दुकान बंद करून मुलाकडे गेला, जाऊबाईंचे डोळे दमले, पण बटणांची हाव काही दमली नाही. डबे, बरण्या, औषधाच्या बाटल्या, सगळा पसारा त्यांच्या पलंगाखाली. त्यातलं एक मागून बघा. "जोडीचं नाही," म्हणायच्या, आणि झाकण बंद. पोटच्या पोराच्या लग्नातल्या शर्टालासुद्धा बाईनं बाजारातली बटणं लावली.

मग मोठ्या भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, जीभ तर आधीपेक्षा जास्त सुटली, उजवा हात तेवढा लुळा राहिला. पाठ वर उचलता येईल असा पलंग आणा, असं डॉक्टर म्हणाले. त्या पलंगाच्या पोटात नुसते लोखंडी दांडे, डब्यांना जागाच नाही. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी ऐकलं माझं.

फुकटच्या सल्ल्यांना काय तोटा? त्यांचा मुलगा फोनवरून म्हणाला, फेकून दे. माझी मुलगी म्हणाली, चित्रं करू, काचेत लावू. मी भंगारवाल्याला, रविवारी फेरीला आलास की वर ये, असं सांगून मोकळी झाले. "तुझ्या माहेरची आहेत का गं?" जाऊबाई म्हणाल्या. डबे बाहेरच्या खोलीत आले आणि आम्ही सगळे त्यांना ठेचकाळत फिरू लागलो.

खरा घोर वेगळाच होता. भाऊजी घराबाहेर पडेनात. नोकरीभर एका मोठ्या हॉटेलच्या दारात ते गळ्यापर्यंत बंद कोटात उभे राहिलेले. हा माणूस कचरा टाकायलासुद्धा वरचं बटण उघडं ठेवून गेला नाही. आता एका हातानं बटण लागेना, बायकोला लावू देईनात, आणि डोक्यातून घालायचा टी-शर्ट म्हणजे त्यांच्या मते झोपायचा कपडा. खाली बाकावर मित्रांचा पत्त्यांचा अड्डा जमायचा, हाका मारायचा. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. चालले नाहीत तर पायही जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून जाऊबाई भाजीत मीठ घालायला विसरू लागल्या. आम्ही निमूट खायचो.

मी शक्कल लढवली. वेल्क्रोची पट्टी आणून त्यांच्या एका शर्टाला लावली. भाऊजींनी ती चर्रकन उघडली, दाबून मिटली, पुन्हा उघडली. "हे चपलेला असतं," म्हणाले, आणि शर्ट कोपऱ्यात भिरकावला.

तो जाऊबाईंनी उचलला. शनिवारी दुपारी चष्मा लावून बसल्या आणि शर्टाचं एकेक काज टाके घालून बुजवू लागल्या. जिनं जन्मभर काजं केली तिनंच ती बुजवायची, मला बघवेना. मग त्यांनी डबे उपसले. तळाच्या बाटलीतून शिंपल्याची एकसारखी बटणं निघाली, ती बुजवलेल्या काजांवर बसवली. मागं माझी पट्टी तशीच. समोरून बघाल तर गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट.

"डोंगर पोखरून उंदीर," मी म्हटलं. "एवढ्या डब्यांतून मूठभर कामाला आली."

"बाकीची दे तुझ्या भंगारवाल्याला," त्या म्हणाल्या आणि दातानं दोरा तोडला. इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं, पण ऐकून काही बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी भाऊजींनी शर्ट घातला. डाव्या हातानं छातीवरची पट्टी वरून खाली दाबत नेली, आरशात बघितलं, काठी घेतली आणि जिना उतरले. आम्ही दोघी खिडकीत.

बाकावर त्यांना मध्ये जागा मिळाली. ऊन चढलं. त्यांचा मित्र जाड्या म्हणाला, "अरे, गळ्याचं बटण तरी काढ, गुदमरशील," आणि त्यानं हात पुढं केला. जाऊबाईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. आता कळणार, आणि हा माणूस पुन्हा काही खाली उतरायचा नाही.

भाऊजींनी जाड्याचा हात बाजूला सारला. स्वतःच कॉलर धरली आणि चर्रकन शर्ट पोटापर्यंत उघडला. पत्ते थांबले. मग वरून खाली दाबत पुन्हा बंद केला.

"कर तू एका हातानं," ते जाड्याला म्हणाले.

जाड्या ईर्ष्येला पेटला. एका हातानं स्वतःच्या शर्टाशी झटापट करता करता पोटावरचं बटण ताडकन तुटलं आणि पत्त्यांत जाऊन पडलं. सगळा बाक खदखदून हसला, भाऊजी सगळ्यांत मोठ्यानं. झटक्यानंतर ते हसणं आम्ही ऐकलं नव्हतं. जाड्या बटण उचलायला वाकला, तर भाऊजींनी त्याआधीच ते डाव्या हातानं टिपून खिशात टाकलं.

"अरे, माझं आहे ते."

"होतं," भाऊजी म्हणाले. "आमच्या घरी गोळा करतात." आणि मान वर करून खिडकीकडे बघितलं.

जाऊबाईंनी पदरानं नाक पुसलं. "भंगारवाला आला तर नको म्हणून सांग," मला म्हणाल्या.