दिव्याजवळची सूरपेटी

शिवपुत्रप्पानं बावीस वर्षांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत राळ होती, गंजलेलं सोल्डरिंग आयर्न होतं, आणि त्याच्याच हातची सूरपेटी होती, विजेवर एकच सूर धरणारी.

बावीस वर्षांपूर्वी ती मठात पहिल्यांदा लावली, तेव्हा मी टाळ धरून बसलो होतो. निंगव्वा गात होती. हळूहळू पेटीचा सूर उतरला, निंगव्वाचा नव्हे; पण हसले सगळे तिलाच. त्यानंतर शिवपुत्रप्पानं खांबांवरच्या तारा जोडत नोकरी संपवली, पेटी मात्र उघडली नाही.

आता मठातल्या बाजाच्या पेटीचा भाता फाटला होता.

"अक्का, सोमवारी माझ्या पेटीवर गा," तो निंगव्वाला म्हणाला.

"एकदा हसं केलंस तेवढं पुरे की तम्मा!" धाकट्या भावाला म्हणावं तसं ती त्याला म्हणाली.

"घसरली तर विहिरीत टाक."

"त्या विहिरीचं पाणी पितो आम्ही!"

तरी तो कामाला बसला. कंडेन्सर बदलले, तारांचे टाके नव्यानं दिले. पेटी दिवसभर वाजली. सूर केसभरही हलला नाही. मग मठात न्यायची म्हणून बायको शांतव्वानं तिला कुंकू लावलं, शेजारी समई लावून ठेवली, आणि थोड्याच वेळात सूर उतरू लागला.

"काय केलंस गं?"

"पूजा! मठात नाही का वाद्य दिव्याजवळ ठेवत?"

त्यानं समई उचलून लांब ठेवली. पेटी निवली, सूर परत वर आला. बावीस वर्षं तो आपल्या हाताला दोष देत होता.

"मग मठातही दिवा लांब ठेवा," शांतव्वा म्हणाली.

"देवापुढचा दिवा हलवून देवाला कशाला उठवायचं? मीच लवकर जातो."

सोमवारी तो तासभर आधी मठात गेला. समई लावली, पेटी तिच्या शेजारी ठेवली आणि पेटीच्या पाठीवर तळहात टेकून बसून राहिला. पेटी पुरती तापली, तेव्हाच त्यानं स्क्रू फिरवून सूर जुळवला.

निंगव्वा आली. डोळे मिटून ऐकत राहिली. "किंचित वर घे," म्हणाली. त्यानं घेतला. मग तिनं तोंड उघडलं.

तिनं एकामागून एक चार पदं म्हटली. आम्ही तिच्याकडे पाहत होतो, शिवपुत्रप्पा ज्योतीकडे. ज्योत जरा खाली गेली की लगेच तो तेल घाली. पेटी गार पडू द्यायची नव्हती.

शेवटच्या पदानंतर निंगव्वानं डोळे उघडले.

"तम्मा, तेल फार जाळलंस रे."

"पुढच्या सोमवारी घरून आणतो, अक्का."

"आण. मी येते," ती म्हणाली.