अवजारांची वर्णनं लिहिणारे ग्रंथपाल

“हे अवजार काय करत नाई, थे आधी लिवा,” असं म्हणून ते पेनाचं टोपण दातांत धरायचे.

ते आमच्या कृषी महाविद्यालयाचे ग्रंथपाल, राहणार कामरगाव. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जी पाहुण्याला रस्ता सांगताना कुठे वळू नये तेही सांगतात. ग्रंथालयातल्या एका कपाटावर त्यांनी चिठ्ठी डकवली होती : ‘यात जुन्या प्रश्नपत्रिका नाहीत.’ पोरं हसायची, पण ते कपाट कोणी उचकत नसे. मुलीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताखाली त्यांनी छापून घेतलं होतं, ‘मागच्या दाराने येऊ नये, तिकडे कुत्रं आहे.’ व्याही नाराज झाले. चावलं मात्र कोणालाच नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांत महाविद्यालयात एक प्रकल्प आला. शेतकऱ्याने मोबाइलवर प्रश्न विचारायचा आणि एआय एजंटने शेतीवरचे शोधनिबंध चाळून उत्तर द्यायचं. प्रमुख मी होतो. एजंटच्या हाताशी काही अवजारं, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, दिलेली होती. एक निबंध शोधणारं, एक त्याचा सारांश आणणारं, एक पूर्ण निबंध उघडणारं. कोणतं केव्हा उचलायचं हे एजंट त्या अवजाराखाली लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. ती वर्णनं लिहिण्याचं काम मी ग्रंथपालांकडे दिलं.

पहिला मसुदा माझा होता. तो घेऊन ते मला फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे घेऊन गेले. त्याला दोन वर्णनं वाचून दाखवली आणि विचारलं, सोयाबीनच्या नव्या वाणाबद्दल सगळं पाहिजे असलं तर यातलं कोणतं उचलशील? चहावाला गाळणी झटकत म्हणाला, “दोनी सारखेच दिसून राह्यले भाऊ. मी तं जवळचं उचलीन.”

ग्रंथपाल खूश झाले. “पाहा सर. यंत्रबी तेच करते. जवळचं उचलते.”

मग त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. सारांशाच्या अवजाराखाली त्यांनी लिहिलं होतं की हे फक्त सारांश आणतं. औषधाचं प्रमाण विचारलं असेल तर इथे थांबू नये, पूर्ण निबंध उघडावा, कारण प्रयोग कुंडीत झाला की शेतात हे सारांशात बहुधा नसतं. प्रत्येक वर्णनाखाली लिहिणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत होती. तिथे त्यांचं नाव होतं.

पाहणीला पुण्याहून मंडळी येणार होती. आदल्या दिवशी ग्रंथपाल घरी गेल्यावर मी सगळं पडद्यावर लावून पाहिलं. वर्णनं लांबलचक, ओबडधोबड दिसत होती. मी ती एकेका ओळीत बसवली. सारांशाच्या अवजाराखाली उरलं, ‘शोधनिबंधाची माहिती आणते.’ नाव त्यांचंच राहू दिलं. पाहुण्यांनी मांडणीचं कौतुक केलं. त्या भरात मी वर्णनं परत पहिल्यासारखी केली नाहीत, आणि त्यांना काही बोललोही नाही.

कामरगावातल्या लोकांनी त्या मोबाइलवर भरवसा ठेवला तो ग्रंथपालांमुळे. आपला माणूस सांगतो, बिनधास्त विचारा. सोयाबीनमधल्या तणनाशकाचं प्रमाण विचारलं गेलं. एजंटने जवळचं अवजार उचललं आणि सारांशातला आकडा सांगून मोकळा झाला. तो प्रयोग कुंडीतला होता. दोघातिघांची उभी शेतं करपली.

चौकशीच्या बैठकीत वर्णनं पडद्यावर आली. ग्रंथपालांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होतो.

“नाव माहंच आहे,” ते म्हणाले.

त्यांना कामावरून कमी केलं. गावात लोक त्यांना तोंडावर ‘मशीनवाले’ म्हणू लागले. कोणी पत्ता विचारला तरी ते घरात जायचे, असं ऐकलं. पुढे मी निवृत्त झालो, प्रकल्प दुसऱ्यांच्या हाती गेला. ती वर्णनं अजून एकेका ओळीचीच आहेत. मी पत्रं पाठवून पाहिली. काम चालू आहे, मध्ये बदल नको, असं उत्तर येतं.

गेल्या हिवाळ्यात ग्रंथपाल गेले. तेराव्यानंतर मी कामरगावला गेलो आणि त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. वर्णनं मी कापली, तुमच्या माणसाचा दोष नव्हता, गावात हवं तर चारचौघांत सांगतो. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही.

“मले माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “चौकशी झाली त्याच दिवशी त्याईनं सांगतलं होतं.”

“मग गावात काहून नाही सांगितलं?”

“म्या लय म्हटलं. तं म्हणे, सर सोता येतीन सांगाले. रोज या वसरीत बसत जाय. फाट्यावर जीप थांबली का मान वर करून पाहे.”

मी चारचौघांत सांगण्याचं पुन्हा काढलं. त्या म्हणाल्या, आता कोणाले सांगता.

फाटा त्यांच्या दारासमोरच होता. परतीच्या जीपची वाट पाहत मी तिथे उभा होतो. त्यांनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.